अडवलेल्या पैशांचा हिशेब

घराचं काम काढलंय असं कुणी म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो. "शेवटचे पैसे हातात ठेव. एकदा पूर्ण पैसे गेले की तो फोन उचलणार नाही." सल्ला देणारा बहुधा एकदा पोळलेला असतो, त्यामुळे त्याचं म्हणणं कुणी खोडून काढत नाही. तो खोटंही बोलत नसतो. ट्रॉलीचं चॅनेल बसवायचं राहिलंय, बेसिनखाली पाणी झिरपतंय, सनमायक्याची कड उचकटलीय आणि ठेकेदार "उद्या पोरगा पाठवतो" म्हणत महिना काढतोय, हा अनुभव घराघरातला आहे.

तरीही या सल्ल्याबद्दल माझी तक्रार आहे. किती पैसे हातात ठेवायचे, कशापोटी ठेवायचे आणि सोडायचे कधी, यातलं काहीच तो सांगत नाही. मग शेवटच्या हप्त्याची काठी होते आणि ती ज्याच्या हातात त्याचं राज्य. दोषापुरते पैसे रोखणं हा घरमालकाचा हक्क आहे, याबद्दल वाद नाही. पण एका गळक्या नळाकडे बोट दाखवून सगळाच हिशेब अडवून बसणं ही देणं बुडवण्याची सभ्य माणसांची रीत झाली आहे, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. या दोन्हींमधली रेघ कुठे ओढायची हे सांगणारा नियम आपल्याकडे नाही, कराराचा सर्वमान्य नमुना नाही आणि दोघांनाही दाद मागता येईल अशी सोपी जागाही लोकांना माहीत नाही. हा प्रश्न दोन माणसांच्या स्वभावाचा म्हणून सोडून देता येणार नाही, तो सार्वजनिक धोरणाचा आहे, असं मला वाटतं.

सोसायटीच्या कमिटीत बसलं की हे वाद दोन्ही बाजूंनी कानावर येतात. मालक वर येऊन सांगतात, ठेकेदार गेटवर गाठतो. आमच्याच इमारतीतला एक वाद मी जवळून पाहिला. दोन बेडरूमचा फ्लॅट, नऊ-साडेनऊ लाखांचं काम, कोटेशन व्हॉट्सॲपवर. त्यात वॉर्डरोबपुढे एवढंच लिहिलं होतं: प्लाय, वरून लॅमिनेट, १,५०० रुपये चौरस फूट. मालकांनी मनाशी हिशेब मांडला. सात फूट रुंद, सात फूट उंच, म्हणजे ४९ चौरस फूट, रुपये ७३,५००. अंतिम बिल आलं ते ८१ चौरस फुटांचं. कपाटावरचा माळा सात बाय दोन, त्याचे १४ फूट. खिडकीकडची उघडी बाजू नऊ फूट उंच आणि दोन फूट खोल, तिचे १८. एकूण रुपये १,२१,५००. एका कपाटात ४८,००० रुपयांचा फरक.

मालकांना ही उघड लूट वाटली. ठेकेदाराच्या लेखी ती धंद्याची रीत होती. आणि खरं सांगायचं तर बाजारात दोन्ही पद्धती चालतात. कुणी फक्त समोरचं माप धरतो, कुणी लॅमिनेट लागलेली प्रत्येक उघडी बाजू मोजतो. पहिल्याचा दर चढा असतो, दुसऱ्याचा उतरता दिसतो. तीन कोटेशनं शेजारी ठेवून सगळ्यात कमी दर निवडणाऱ्या माणसाला हे कळत नाही, कारण त्याने फुटाचा दर विचारलेला असतो, फूट कसा मोजणार हे विचारलेलं नसतं. हे न सांगणारा ठेकेदार साळसूद नव्हे, हेही तितकंच खरं.

पण पुढे जे झालं ते मला जास्त खटकलं. देणं शिल्लक होतं एक लाख साठ हजार. वाद होता ४८ हजारांचा. उरलेल्या एक लाख बारा हजारांबद्दल कुणाची हरकत नव्हती, तरी मालकांनी छदामही सोडला नाही. "सगळं एकदम मिटवू" म्हणाले. उलट बाजूने सुतारांनी ड्रॉवरच्या चाव्या नेल्या. मग मालकांनी बाल्कनीत ठेवलेलं कटर मशीन आणि ड्रिल खोलीत बंद केलं आणि वॉचमनला निरोप दिला की यांचं सामान बाहेर सोडायचं नाही. कमिटीकडे पत्र आलं की ठेकेदाराची डेब्रिजपोटी ठेवलेली अनामतही रोखून धरा. सोसायटी ही कुणाची वसुली एजंट नाही, एवढं बोलायला त्या दिवशी बराच धीर लागला. दुसऱ्याची हत्यारं ओलीस ठेवायला कुठल्याच कायद्याचा आधार नाही, तसाच तो चाव्या पळवायलाही नाही.

शेवटी दोघांना एकत्र बसवून टेप लावली. माळ्याचं माप मालकांनी मान्य केलं, कारण माळा त्यांनीच मागाहून करून घेतला होता आणि तसा निरोप त्यांच्याच फोनवर होता. उघड्या बाजूचे पैसे ठेकेदाराने निम्म्यावर आणले. मोजायला तासही लागला नाही. पैसे सुटले ते मात्र दिवाळीच्या तोंडावर, तेही दोन तुकड्यांत.

मधल्या काळात काय होतं ते फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला दिसत नाही. छोटा ठेकेदार म्हणजे बहुतेक वेळा कालचा मिस्त्री. त्याच्यापाशी भांडवल नसतं. प्लायचं दुकान उधारीवर, हार्डवेअर उधारीवर, सुतारांना दर आठवड्याला खर्ची रोख. खर्ची थांबली की कारागीर दुसऱ्या साइटवर जातो. मग एका घराच्या ॲडव्हान्समधून दुसऱ्या घराचं पॉलिश उरकायचं, दुसऱ्याच्या हप्त्यातून तिसऱ्याच्या टाइल आणायच्या, अशी याची टोपी त्याच्या डोक्यावर घालत धंदा चालतो. तुमच्या घरी तीन दिवस कुणी फिरकलं नाही त्याचं कारण पुष्कळदा दुसऱ्या कुणाच्या तरी घरात अडकलेल्या हप्त्यात असतं. आपण जे एक लाख अडवतो ते ठेकेदाराच्या खिशातून जात नाहीत. ते आधी हेल्परच्या खर्चीतून जातात, मग पॉलिशवाल्याच्या मजुरीतून, आणि सगळ्यात शेवटी, जमलंच तर, ठेकेदाराच्या नफ्यातून.

याचा अर्थ ठेकेदार बिचारे आणि मालक दुष्ट असा नाही. ६० टक्के ॲडव्हान्स घेऊन गायब झालेले, मरीन प्लाय सांगून साधा कमर्शियल ठोकणारे, बाथरूमची जुनी लादी फोडून झाल्यावर भाव वाढवणारे महाभागही पाहिले आहेत. लादी फुटल्यावर मालकाची अवस्था काय होते हे वेगळं सांगायला नको. घरात एकच बाथरूम असेल तर तो माणूस कुठल्याही आकड्याला हो म्हणतो. ताकद कामाच्या टप्प्याप्रमाणे इकडून तिकडे सरकत असते. पहिल्या दिवशी ॲडव्हान्स देईपर्यंत ती मालकाकडे, तोडफोड झाली की ठेकेदाराकडे, आणि शेवटचे दहा टक्के काम उरलं की पुन्हा मालकाकडे. ज्याच्याकडे ती असते तो तेवढ्यापुरता हात धुऊन घेतो.

सरकारी बांधकामात या कोंडीवरचा तोडगा फार जुना आहे. सार्वजनिक बांधकाम विभागात मोजमाप पुस्तकात नोंद झाल्याशिवाय बिल निघत नाही. सगळे त्याला 'एमबी' म्हणतात. झाकलं जाणारं काम झाकण्याआधी मोजायचं असतं. बिलातून सुरक्षा अनामत कापतात आणि दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे निघालेले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपला की ती परत करतात. तिथे एमबीत काय काय खेळ होतात हे मला माहीत नाही अशातला भाग नाही. पण खेळ करायलाही आधी नोंद लागते, आणि नोंद असली की तो कधी ना कधी पकडता येतो. ज्या राज्यात गावच्या रस्त्याखालच्या मोरीचं मोजमाप वहीत चढतं, तिथे दहा लाखांचं घरकाम तोंडी मापांवर चालतं.

आता कायदा कुणाला काय देतो ते पाहू. घरमालकाला बरंच काही देतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात पैसे देऊन सेवा घेणारा माणूस ग्राहक आहे, मग पैसे पूर्ण दिले असोत, अर्धे दिले असोत की द्यायचं कबूल केलेलं असो. निकृष्ट किंवा अर्धवट काम ही सेवेतली त्रुटी ठरते. मोबदला ५० लाखांपर्यंतचा असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कच नाही. आपण जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते, वकील करणं बंधनकारक नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर गाऱ्हाणं नोंदवता येतं. कायदा म्हणतो की तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल लागावा. प्रत्यक्षात तारखा किती पडतात हे आयोगाच्या पायऱ्या चढलेल्यांना विचारा. तरी दार आहे, आणि ते स्वस्त आहे.

ठेकेदाराला हे दार बंद आहे. मालकाने पैसे थकवले म्हणून तो ग्राहक आयोगात जाऊ शकत नाही, कारण तो ग्राहकच नाही. त्याच्यासाठी दिवाणी न्यायालय. काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, कोर्ट फी भरायची, वकील करायचा, आणि साठ हजारांच्या वसुलीसाठी धंद्याचे दिवस मोडून कोर्टाच्या पॅसेजमध्ये उभं राहायचं. कायद्याचं पाठबळ त्याला नाही असं नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, आणि फुकट करायचा हेतू नसलेल्या कामाचा लाभ ज्याने घेतला त्याने मोबदला द्यावा, हे तत्त्व त्याच्या कलम ७० मध्ये स्पष्ट आहे. पण कलम पुस्तकात असणं आणि मिस्त्रीच्या आवाक्यात असणं यात फार अंतर आहे. म्हणून तो स्वतःचा बंदोबस्त स्वतः करतो. ॲडव्हान्स जास्त मागतो, हप्ते पुढे ओढतो, शेवटच्या हप्त्यात आपला फक्त नफा उरेल अशी मांडणी करतो. मालकाला वाटतं हा लबाड आहे. खरं तर कोर्टाचा खर्च तो आधीच कोटेशनमध्ये वसूल करत असतो, आणि वेळेवर पैसे देणारा सरळ गिऱ्हाईकही तो भरतो.

राहिलं पोलीस ठाणं. तिथे दोघेही जातात आणि दोघांनाही "हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे" असं ऐकून परत यावं लागतं. या एका बाबतीत पोलिसांचं बहुतांशी बरोबर असतं. नुसता करारभंग म्हणजे फसवणूक नव्हे, पहिल्यापासूनच फसवण्याचा हेतू होता हे दिसावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलेलं आहे. पैसे घेऊन एक खिळाही न ठोकता पसार झालेल्याची गोष्ट वेगळी. अजून एक सापळा चेकचा. शेवटच्या हप्त्याचा पुढच्या तारखेचा चेक आधीच देऊन ठेवायचा आणि वाद झाला की बँकेला पेमेंट थांबवायला सांगायचं, हे अनेकांना सुरक्षित वाटतं. पेमेंट थांबवलेला चेकही परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये, म्हणजे चेक न वटण्याच्या गुन्ह्यात, येऊ शकतो, आणि मग दिवाणी वाद फौजदारी होतो. देणंच लागत नव्हतो हे सांगायची संधी मालकाला असते, पण ती आरोपीच्या पिंजऱ्यातून.

या सगळ्यात कागद कुठेच नसतो, त्याचं खरं कारण आळस नाही. कागद दोघांनाही नको असतो. "बिल हवं असेल तर १८ टक्के वर लागतील, साहेब," असं ठेकेदार म्हणतो आणि मालक झटकन बिल नको म्हणतात. बिल म्हटलं की जीएसटी आलाच, हा गैरसमज इथे मुद्दाम पसरवला जातो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असणाऱ्या सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. असा ठेकेदार जीएसटी न लावता साधं बिल देऊ शकतो, साधी पावती देऊ शकतो. ज्याची उलाढाल त्याहून जास्त आहे तो कर चुकवतोय आणि तुम्हाला त्यात भागीदार करतोय. मोठी रोख रक्कम घेणं तर त्यालाच महागात पडू शकतं, कारण एकाच व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा. पण त्याचं राहू द्या. सहा लाख रोखीत दिलेला मालक आयोगापुढे काय दाखवणार? वाचवलेला कर हा पुरावा विकून आलेला पैसा असतो. ज्यांना वाद झाल्यावर न्याय हवा असतो त्यांनी हा सौदा आधीच केलेला असतो, ही गोष्ट आपल्या मध्यमवर्गीय संतापात कधी येत नाही.

मग करायचं काय? नवा कायदा हवा असं मी एकदम म्हणणार नाही, कारण आहेत तेच धूळ खात आहेत. पण बिल्डरच्या बाबतीत आपण काय केलं ते आठवावं. घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा रेरा कायदा आला, त्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचं, महारेराचं, काम १ मे २०१७ पासून सुरू झालं. घर विकणाऱ्याने लेखी नोंदणीकृत कराराशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, हा नियम झाला. विक्री कराराचा नमुना नियमांसोबतच आला. बांधकामातल्या दोषाची जबाबदारी पाच वर्षं बिल्डरवर आली. २०१८ साली महारेराने सलोखा मंच सुरू केला, ज्यात ग्राहक संघटनेचा एक आणि बिल्डरांच्या संघटनेचा एक प्रतिनिधी एकत्र बसून वाद मिटवतात. हे सगळं बिल्डरने बांधलेल्या भिंतींपुरतं. त्याच घराच्या आत जो दहा-पंधरा लाखांचा खर्च आपण ताबा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून करतो, तो जवळपास जंगलच्या कायद्याने चालतो.

इतरत्र हा प्रश्न सोडवलेला आहे. कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या ठेकेदाराला सुरुवातीचा हप्ता १,००० डॉलर किंवा एकूण रकमेच्या १० टक्के, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त घेता येत नाही. ठेकेदाराकडे राज्याचा परवाना लागतो. आणि तिथलाच कायदा पैसे थकले तर ठेकेदाराला त्या घरावर बोजा चढवण्याचा हक्क देतो. नेदरलँड्समध्ये घर बांधून घेणारा ग्राहक एकूण रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंतचे पैसे शेवटच्या हप्त्यातून कापून, स्वतःकडे न ठेवता नोटरीकडे जमा करू शकतो, ताबा मिळाल्यावर तीन महिने ते तिथे राहतात. मला ही पाच टक्क्यांची कल्पना फार आवडते. पैसे मालकाच्या खिशात नाहीत, ठेकेदाराच्याही नाहीत, आणि किती अडवायचे हे दोघांपैकी कुणीच आपल्या मर्जीने ठरवत नाही. आपल्याकडे नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर छत्रीखाली बसून शिक्के मारणारा वकील, त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. पण तत्त्व उचलता येईल.

राज्य सरकारने घरकामाच्या कराराचा दोन पानी मराठी नमुना जाहीर करावा, जसा विक्री कराराचा आहे. त्यात मोजण्याची पद्धत, साहित्याचा दर्जा आयएस, म्हणजे भारतीय मानकाच्या, क्रमांकासह (मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१०, हे लिहिलं की अर्धी फसवणूक संपते), हप्ते टप्प्यांना बांधलेले, आणि वाढीव कामाला आधी लेखी होकार. सुरुवातीचा हप्ता जास्तीत जास्त किती हे त्यात सुचवावं. माझ्या मते २० टक्के पुरेत, कारण साहित्य मालकाने थेट दुकानदाराला पैसे देऊन आणलं तर ठेकेदाराला मोठ्या ॲडव्हान्सचं कारणच उरत नाही. शेवटी पाच टक्के दोषापोटी राखून ठेवावेत आणि ते सोडायची तारीख आधीच लिहावी. फर्निचरला तीन महिने ठीक आहेत. गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीच्या वॉटरप्रूफिंगला एक पावसाळा. उन्हाळ्यात केलेल्या कामाची खात्री मे महिन्यात मागणं किंवा देणं, दोन्ही हास्यास्पद आहे. बाथरूमचं मात्र लादी बसवण्याआधीच कळतं. पाणी भरून दोन दिवस ठेवायचं, खालच्या शेजाऱ्याच्या छताला ओल येते का बघायचं, दोघांनी सही करायची. झाकल्यानंतर तो वाद कुणालाच सोडवता येत नाही.

दाद मागायच्या जागेचं म्हणाल तर ती आहे, फक्त कुणी तिकडे फिरकत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याखाली जिल्ह्याला प्राधिकरण आणि तालुक्याला समिती असते. दावा दाखल होण्याआधीच वाद लोकअदालतीपुढे ठेवता येतो. कोर्ट फी लागत नाही. तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो आणि तिच्यावर अपील नाही. महत्त्वाचं म्हणजे इथे मालक आणि ठेकेदार दोघेही अर्ज करू शकतात. तडजोडीला समोरच्याची संमती लागते, ही त्याची मर्यादा. पण आज या दारात बँकांची थकीत कर्जं आणि वाहतुकीची चलनं यांचीच गर्दी असते. घरकामाच्या वादांसाठी महिन्यातला एक दिवस राखावा, पॅनेलवर एक स्थापत्य अभियंता बसवावा, जो टेप घेऊन जागेवर जाईल. आमच्या कपाटाचा वाद त्याने अर्ध्या तासात मिटवला असता.

यावर ठरलेला आक्षेप असा की हे सगळं केलं तर दर वाढतील, छोटा मिस्त्री मरेल आणि मोठ्या ब्रँडेड इंटिरिअर कंपन्यांचं फावेल. आक्षेप पोकळ नाही. त्या कंपन्यांचे वीस पानी इंग्रजी करार आधीच आहेत, ज्यांत सगळ्या अटी त्यांच्या बाजूने असतात आणि काम शेवटी तोच मिस्त्री करतो, निम्म्या दराने. पण छोट्या मिस्त्रीला आज कागदाची भीती वाटते ती कागद नेहमी दुसऱ्याचा असतो म्हणून. त्याच्याच भाषेतले दोन पान, ज्यात त्याचे पैसे किती दिवसांत मिळणार हेही लिहिलेलं आहे, ते त्याला नको असेल असं मला वाटत नाही.

ज्यांचा वाद आज चालू आहे त्यांना सरकारची वाट पाहता येणार नाही. त्यांनी आधी दोन आकडे वेगळे करावेत, वादातला आणि निर्विवाद. निर्विवाद रक्कम त्याच आठवड्यात बँकेतून द्यावी. यात दानशूरपणा काही नाही. "मान्य देणं चुकतं केलं, उरलेल्या अमुक इतक्या रकमेवर या कारणासाठी हरकत आहे" असं म्हणणारा माणूस कुठल्याही मंचापुढे ताठ उभा राहतो. मग दोषांची यादी फोटोसह, प्रत्येकापुढे दुरुस्तीचा अंदाजे खर्च, दुसऱ्या कारागिराकडून घेतलेला. रोखायची रक्कम त्या बेरजेइतकी. आणि दुरुस्तीला मुदत द्यावी, पंधरा दिवस म्हणा, तीही लेखी. व्हॉट्सॲपवर चालेल, तो पुरावा होऊ शकतो, फक्त निरोप खोडू नयेत आणि फोन बदलताना जपून ठेवावेत. मुदतीत कुणी आलं नाही तर दुसऱ्याकडून काम करून घ्यावं, पावती ठेवावी, तेवढे पैसे वळते करावेत आणि बाकीचे सोडावेत. मानसिक त्रासापोटी म्हणून सरसकट लाखभर कापून घेणं हे नुकसानभरपाईचं गणित नव्हे. भरपाई किती हे ठरवायचा अधिकार आयोगाचा, आपल्या रागाचा नाही. मिटल्यावर "पूर्ण व अंतिम" अशी पावती दोघांच्या सहीने घ्यावी, नाहीतर वर्षभराने तोच हिशेब पुन्हा उघडतो.

ठेकेदारांनीही एक सवय सोडावी, ती म्हणजे "होऊन जाईल" म्हणायची. मालक जाता जाता म्हणतात, इथे एक पॉइंट टाक, तिथे एक फळी वाढव. तो मान हलवतो, कारण नाही म्हटलं तर वाईट दिसतं. हे सगळं शेवटच्या बिलात एकदम उगवतं आणि मालकांना धक्का बसतो. त्याच वेळी "याचे ८०० वाढतील" एवढा निरोप टाकला असता तर निम्मे वाद जन्मलेच नसते.

आमच्या सोसायटीत आता दुरुस्तीच्या ना-हरकत अर्जाला एक पान जोडलं आहे. कामाचे तास आणि डेब्रिजची अनामत त्यात आधीपासून होतीच. नव्याने घातलं ते एवढंच: मोजण्याची पद्धत, हप्ते, राखीव पाच टक्के आणि ते सोडायची तारीख, आणि काम संपल्यावर सात दिवसांत निर्विवाद रक्कम देण्याचं मालकाचं कबुलीपत्र. सोसायटी त्यात पक्षकार नाही, सही मालक आणि ठेकेदाराची, प्रत दोघांकडे. सक्तीही नाही, कारण ती करायचा अधिकार आम्हाला नाही. ठेकेदार सही करणार नाहीत असं सर्वसाधारण सभेत बऱ्याच जणांनी बजावलं होतं. ते बहुतेक करतात. का-कू करतात ते मालक, आणि त्यांचं बोट नेमकं त्या सात दिवसांच्या ओळीवर असतं.